कॉर्न स्नेकच्या घराची ऊब

इंग्लंडात ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे गेली की रात्री हीटिंग किती वाजता बंद करायचं, यावर घरोघरी वाद सुरू होतात. माणसं जाड दुलई ओढून झोपतात. खोली पहाटे पंधरा-सोळा अंशांवर येते आणि कुणाचं काही बिघडत नाही. त्याच खोलीत पेटीत कॉर्न स्नेक असेल तर मात्र बिघडतं. सापाला दुलईचा उपयोग नाही, कारण दुलई आतली ऊब धरून ठेवते आणि सापाच्या अंगात धरून ठेवण्याजोगी ऊब फारशी तयारच होत नाही. दुलई दिलीच, तर दुलईही गार आणि सापही गार.

त्यातून त्याने आदल्या दिवशी उंदीर गिळलेला असेल तर खरी पंचाईत. पचनाला ऊब लागते. ती मिळाली नाही तर उंदीर पोटात पचण्याऐवजी कुजायला लागतो आणि दोन-तीन दिवसांत अख्खाच्या अख्खा बाहेर येतो. तो वास एकदा घेतला की थर्मोस्टॅटवर पैसे वाचवण्याचा विचार पुन्हा मनात येत नाही.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. फ्लोरिडापासून वर न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्सपर्यंत तो आढळतो. बिनविषारी, आपल्या धामणीच्या कुळातला, पण धामणीपेक्षा बराच लहान आणि स्वभावाने शांत. पूर्ण वाढला की साधारण एक ते दीड मीटर भरतो, आणि नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. ब्रिटनमध्ये तो पाळायला परवाना लागत नाही. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास इतकी मराठी घरं आहेत, तिथे तो राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. तेव्हा तिकडच्या वाचकांनी आधी नियम पाहावेत. आणि हे वाचून गावाकडे कुणी धामण धरून पेटीत घालायच्या विचारात असेल, तर भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. दुकानात किंवा ओळखीत कुणी सांगतं, ‘याला अठ्ठावीस डिग्री ठेवा.’ हा सल्ला अर्धवट आहे. पेटीभर एकसारखे अठ्ठावीस अंश ठेवले तर साप अडकतो. गारव्याला जायचं म्हटलं तर जागा नाही, जास्त ऊब हवी तर तीही नाही. थंडीत ओसरीवरचं ऊन सरकतं तशी मांजर सरकते, तसं सापाला स्वतः सरकता आलं पाहिजे. म्हणून पेटीचं एक टोक तापवायचं, दुसरं तसंच सोडायचं. बाकीची सगळी कृती एवढ्यासाठी.

लागणारे आकडे असे. गरम टोकाला, जिथे साप प्रत्यक्ष बसतो त्या पृष्ठभागावर, ३० ते ३२ अंश सेल्सिअस. त्या बाजूची हवा २८च्या आसपास. गार टोक २२ ते २४. रात्री सगळं थोडं उतरलं, गार टोक २० पर्यंत गेलं, तरी चालतं. सापाच्या अंगाला लागेल असा कुठलाही पृष्ठभाग ३५च्या वर जाता कामा नये.

साहित्य

सापाच्या लांबीइतकी तरी लांब पेटी (मोठ्या सापाला साधारण चार फूट). उष्णता देणारं एक उपकरण. त्याला जुळणारा थर्मोस्टॅट. वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, शक्यतो किमान-कमाल नोंद ठेवणारे. लांबून पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन. ही चैन वाटते, पण सगळ्यात जास्त वापरली जाते. लपायला दोन जागा. आस्पेनचा भुसा. दिव्यासाठी टायमर. काचेवर चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर पेटीबरोबर फुकट मिळाला तर तो बाजूला ठेवा. तो चिकटवलेल्या जागेचं तापमान सांगतो, साप असतो दुसरीकडे.

‘हीट रॉक’ नावाचा आतून तापणारा खोटा दगड घेऊ नका. तो एका ठिकाणी भलताच तापतो, आणि साप अंगाखालची जागा भाजते आहे तरी वेळेवर बाजूला होत नाही. पोटाचे खवले भाजलेले साप पशुवैद्यांकडे येतात ते बरेचसे अशाच वस्तूंमुळे किंवा थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटमुळे.

कृती

१. आधी खोली मोजा. साप आणण्याआधी, पेटी घेण्याआधीसुद्धा. पेटी ज्या टेबलावर ठेवायची तिथे किमान-कमाल थर्मामीटर चार-पाच रात्री ठेवा आणि पहाटेचा किमान आकडा लिहून घ्या. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर ठरतात. खोली रात्रीही १८-१९च्या खाली जात नसेल तर काम सोपं. चौदा-पंधरावर येत असेल तर पेटीखालच्या नुसत्या मॅटने भागणार नाही, कारण मॅट तिच्यावरचा तळ तापवते, हवा फारशी तापवत नाही.

जागा निवडताना खिडकी टाळा. गार वाऱ्यापेक्षा उन्हासाठी टाळा. काचेच्या पेटीवर थेट ऊन आलं तर फेब्रुवारीतसुद्धा आतलं तापमान बघता बघता चढतं. रेडिएटरच्या शेजारी नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, जमिनीवर तर नकोच.

२. पेटीवरून उष्णतेचं साधन ठरवा. पिल्लासाठी प्लास्टिकचा डबा किंवा लहान काचपेटी असेल तर खालून हीट मॅट पुरते. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, फार तर निम्म्या, कायम एकाच टोकाला. पेटीला खालून छोटे रबरी पाय लावा, म्हणजे मॅट पेटी आणि टेबल यांच्यात दबून राहत नाही. उष्णता कोंडली की मॅट जळते किंवा काचेला तडा जातो. त्याच कारणाने मॅटच्या वर आत जड, सपाट बूड असलेलं काही ठेवू नये.

मोठ्या सापासाठी ब्रिटनमध्ये सहसा लाकडी व्हिव्हेरियम घेतात, पुढे सरकत्या काचा असलेलं. लाकूड उष्णता अडवतं, त्यामुळे त्याच्याखाली मॅट लावणं म्हणजे टेबल शेकणं. इथे उष्णता वरून द्या: सिरॅमिक हीटर, डीप हीट प्रोजेक्टर, नाहीतर हॅलोजनचा दिवा. माझा कल वरून देण्याकडेच आहे. ऊन वरून येतं, दगड तापतो, साप दगडावर येतो. त्याच्या शरीराची घडण या क्रमाला धरून आहे. हीटरखाली एक सपाट पाटी किंवा फरशीचा तुकडा ठेवला की तो तापतो, आणि हीटर बंद झाल्यावरही काही वेळ ऊब धरून ठेवतो.

पेटीत वरून लावलेल्या प्रत्येक हीटरला तारेची जाळी हवी. कॉर्न स्नेक पट्टीचा चढणारा आहे. गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवरून तो हीटरपर्यंत पोचतो आणि त्याला गुंडाळून बसतो.

३. थर्मोस्टॅट जोडा. याशिवाय हीटर लावूच नका, एका रात्रीसाठीसुद्धा. मॅटला साधा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट चालतो. सिरॅमिकला पल्स प्रकारचा घ्या, दिव्याला डिमिंग प्रकारचा. दिव्याला चालू-बंद प्रकार लावला तर दिवा दिवसभर उघडझाप करत राहतो आणि लवकर जातो. हीटर किती वॉटचा आहे आणि थर्मोस्टॅट किती पेलतो, हे दोन्ही डब्यांवर वाचा.

गरजेपेक्षा फार दांडगा हीटरही घेऊ नका. थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेत अडकून बसतो. त्या वेळी हीटर बेताचा असेल तर पेटी नकोशी गरम होईल; दांडगा असेल तर तुम्ही ऑफिसातून येईपर्यंत सगळं संपलेलं असेल. तापमान वाढल्यावर गजर करणारा थर्मोस्टॅट मिळतो. चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

४. प्रोब बसवा. या पायरीला वेळ द्या, कारण बहुतेक अपघात इथे होतात. थर्मोस्टॅटला पेटीतलं काही दिसत नसतं. त्याच्या वायरच्या टोकाला पेन्सिलीच्या टोकाएवढा प्रोब असतो, आणि तो जिथे आहे तिथलं तापमान म्हणजेच त्याच्या दृष्टीने सगळी पेटी. सापाने रात्री फिरताना वायर ओढली आणि प्रोब गार टोकाला पडला, की थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे. तो हीटर चालूच ठेवतो. आकड्यावर २३ दिसतं आणि गरम टोकाची पाटी भाजत असते. प्रोब पाण्याच्या भांड्यात पडला किंवा सापाने त्यावर घाण केली, तरी परिणाम तोच.

खालून मॅट असेल तर प्रोब पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्यामध्ये, मॅटच्या मधोमध बसवा. तिथे साप पोचत नाही. मात्र काचेखालचं आणि आतलं तापमान एक नसतं. आत ३१ हवे असतील तर डायल चौतीस-पस्तीसवर ठेवावी लागू शकते. नेमका आकडा काचेच्या जाडीवर ठरतो, म्हणून डायलवरच्या अंकावर विश्वास ठेवू नका. आत भुश्याखाली, काचेला टेकवून ठेवलेल्या दुसऱ्या थर्मामीटरचा आकडा खरा.

वरून हीटर असेल तर प्रोब आत लावावा लागतो. गरम टोकाच्या भिंतीवर, बैठकीपासून चार-पाच सेंटिमीटर वर, थेट हीटरच्या झोतात नाही आणि कशाच्या आडोशालाही नाही. वायर भिंतीवर खिळ्याच्या क्लिपांनी पक्की करा, दर वीतभर अंतरावर एक. रबरी शोषक बटणं महिन्याभरात सुटतात. आणि चिकटपट्टी आत अजिबात नको, कुठल्याही कंपनीची, कितीही भारी असली तरी. टेपची एक कड सुटते, साप तिच्याखालून जातो, पोटाचे खवले चिकटतात. तो पुढे जोर लावतो आणि कातडी सोलवटते. असं झालंच तर ओढू नका. थोडं खाद्यतेल बोटाने टेपच्या कडेला लावत, मुरू देत, खवल्यांच्या दिशेने हळूहळू सोडवा.

५. आतली मांडणी. भुसा गरम टोकाला पातळ पसरा, दोन सेंटिमीटरच्या आसपास. मॅट नसेल तर हवा तेवढा जाड. मॅटवर जाड थर दिला की वरून गार लागतं, म्हणून आपण डायल वाढवतो, आणि साप मात्र बिळ करत थेट तापलेल्या काचेवर जाऊन पडतो. देवदारासारख्या तेलकट वासाच्या लाकडाचा भुसा सापाला घातक असतो.

लपायच्या दोन जागा हव्यात, शक्यतो एकसारख्या: एक गरम टोकाला, एक गार टोकाला. एकच ठेवली तर साप ऊब आणि आडोसा यांत आडोसा निवडतो. गार टोकालाच आडोसा असेल तर पोट भरलेलं असतानाही तो तिथेच गारठत बसेल, आणि आपल्याला वाटेल की त्याला गारवाच आवडतो. पाण्याचं भांडं गार बाजूला.

६. रिकामी पेटी चालवून बघा. सगळं जोडून साप न ठेवता निदान दोन-तीन दिवस चालू ठेवा. सकाळी उठल्याउठल्या, दुपारी आणि झोपायच्या आधी आकडे लिहा. इन्फ्रारेड गन पाटीवर किंवा भुश्यावर जवळून, सरळ धरून मारा. बंद काचेतून मारली तर ती आतलं नाही, काचेचंच तापमान सांगते. चकचकीत पृष्ठभागावरही ती फसवते.

गरम टोक कमी-जास्त असेल तर डायल एका वेळी एक अंश हलवा आणि तीन-चार तास थांबा. गार टोक २५च्या वर जात असेल तर डायल कमी करून प्रश्न सुटत नाही, गरम टोकही उतरतं. पेटी लहान आहे किंवा हीटर मधोमध सरकला आहे, ते बघा.

७. दिवस-रात्र. दिवा टायमरवर बारा तास. रात्री लाल किंवा निळा दिवा लावायची पद्धत होती; त्याची गरज नाही, सापाला अंधार हवा. सिरॅमिक आणि डीप हीट प्रोजेक्टर उजेड देत नाहीत, त्यामुळे गार खोलीत रात्रीही चालू ठेवता येतात, डायल थोडी उतरवून. खर्चाची धास्ती नको. वीस वॉटची मॅट चोवीस तास अखंड चालली तरी अर्धा युनिटही होत नाही, आणि थर्मोस्टॅटमुळे ती अखंड चालत नाहीच.

पैदास करणारे लोक हिवाळ्यात मुद्दाम साप गार ठेवतात, पोट पूर्ण रिकामं करून, आठवड्यांच्या हिशोबाने. घरच्या एकट्या सापाला त्याची गरज नाही. उगाच प्रयोग करू नये.

८. आता साप आणा, आणि त्याच्याकडे बघा. पुण्याहून व्हिडिओ कॉल आला की आमच्या आजी पेटीला हात जोडतात आणि लगेच विचारतात, ‘त्याला थंडी नाही ना वाजत?’ रोज विचारावा असाच हा प्रश्न आहे. उत्तर साप कुठे बसतो त्यावरून मिळतं. उंदीर खाल्ल्यावर एक-दोन दिवस गरम टोकाला वेटोळं, मग मधे, कात टाकायच्या सुमारास गारव्याला, संध्याकाळी सगळीकडे भटकंती, असं चाललं असेल तर पेटी बरोबर आहे. सतत गरम पाटीला चिकटून असेल तर एकूण पेटी गार आहे. सतत गार टोकाच्या काचेला किंवा पाण्याच्या भांड्यात पडून असेल तर गरम जास्त आहे, किंवा अंगावर माइट म्हणजे बारीक गोचिडीसारखे जीव आहेत; दोन्ही तपासा. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकपुड्यांशी बुडबुडे, श्वासाचा आवाज ही फुफ्फुसाच्या संसर्गाची लक्षणं. अशा वेळी डायल न फिरवता सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

खाल्ल्यावर दोन दिवस हातात घेऊ नका. उंदीर बाहेर टाकला तर आधी तापमान तपासा, दहा-बारा दिवस काही देऊ नका, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या.

हीटरने हवा कोरडी होते, हिवाळ्यात जास्तच. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा. डोळे दुधाळ झाले की एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून, आत ओलसर शेवाळ भरून पेटीच्या मधल्या भागात ठेवा. कात एकसंध निघते.

वीज गेली तर

नोव्हेंबर २०२१मध्ये आर्वेन वादळामुळे उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडात कित्येक घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती, त्यामुळे ही तयारी करून ठेवलेली बरी. निरोगी, रिकाम्या पोटाचा मोठा साप एक-दोन दिवस पंधरा अंश सोसतो. पोटात उंदीर असेल तर त्याची काळजी आधी. पेटीला तीन बाजूंनी ब्लँकेट गुंडाळा, हवेची भोकं मोकळी ठेवून. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून गरम टोकाला बाहेरून टेकवा. पेटीजवळ मेणबत्ती नको, कॅम्पिंगचा स्टोव्ह तर खोलीतच नको. साप सारखा काढून बघू नका. वीज आल्यावर थर्मोस्टॅटवर नेमलेला आकडा तसाच आहे ना, ते बघा. काही डिजिटल थर्मोस्टॅट तो विसरतात.

उन्हाळ्याची लाट आली तर

थंडीपेक्षा याची भीती जास्त, कारण गारठ्यात साप सुस्तावतो, पण उष्णतेने तासांत मरतो. १९ जुलै २०२२ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्स्बीला ४०.३ अंश नोंदले गेले. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, एसी नाही, आणि मुलांच्या खोल्या वरच्या मजल्यावर. थर्मोस्टॅट तापवणं थांबवू शकतो, गार करणं त्याला येत नाही. खोली तिशीच्या वर जाणार असं दिसलं की सकाळीच हीटर आणि दिवा सॉकेटवरून बंद करा, पडदे ओढा आणि पेटी खालच्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत न्या. पेटी हलत नसेल तर साप झाकणाच्या, भोकं पाडलेल्या डब्यात घालून खाली आणा. पाण्याचं भांडं साप आत बसेल एवढं मोठं ठेवा. गोठवलेली पाण्याची बाटली जाड मोज्यात घालून एकाच टोकाला ठेवा, म्हणजे साप हवं तेव्हा तिच्यापासून दूर जाऊ शकेल. पंखा पेटीवर न रोखता खोलीत फिरता ठेवा. बाटली वितळली की बदला, आणि रात्री खोली पुन्हा पंचविशीखाली येईपर्यंत उंदीर देऊ नका.